वाकळीतली ढील

विठाबाईचा उजवा हात जिथं ठेवावा तिथं राहायचा. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. गेल्या दिवाळीच्या सुमाराला झटका येऊन गेला, त्यानंतर पाय हळूहळू वळणावर आला, जीभही आली, हात तेवढा मागं राहिला. व्यायाम करून घ्यायला येणारी कानडी पोरगी त्या हातात रबरी चेंडू देई आणि "दाबा अज्जी, स्वल्प दाबा," म्हणून आर्जवं करी. विठाबाई चेंडूकडं असं बघत बसे, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे आणि आपल्याला नुसता दाखवायला आणलाय.

दुपारी जेवण झालं की ती पुढच्या खोलीतल्या कॉटवर पडायची. बेंगळुराबाहेर देवनहळ्ळीच्या किल्ल्यापलीकडं नवीन पडलेल्या लेआउटमध्ये तिच्या मुलानं, ज्योतिबानं, हे घर बांधलं होतं. आजूबाजूला पिवळ्या दगडांनी आखलेले रिकामे प्लॉट, त्यांतच कुणाचा तरी अजून न मोडलेला द्राक्षांचा मांडव, कोपऱ्यावर चकोत्याचं झाड, आणि त्या झाडाला पोरांच्या डोक्याएवढी फळं. विमानतळ जवळ. एखादं विमान इतकं खालून जायचं की त्याची सावली दारातून आत यायची, फरशीवरून सरकत विठाबाईच्या अंगावरून जायची आणि भिंतीत शिरायची. आजारपणापासून झोप आणि जाग यांच्यामधला उंबरठाच झिजून गेला होता तिचा. सावली अंगावरून गेली ती जागेपणी की झोपेत, हे तिला सांगता यायचं नाही आणि सांगावंसंही वाटायचं नाही.

अशा घरात बाळ आलं. ज्योतिबाची मुलगी शिवलीला व्हाइटफील्डला नोकरी करायची, नवऱ्यासोबत तिकडंच राहायची. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून इकडं आली, आणि दवाखान्यातून परत आली ती कुशीत मुलगी घेऊन. दुकानातून आणलेल्या गुलाबी, केसाळ कापडात ती गुंडाळलेली होती. विठाबाईनं डाव्या हाताचं बोट त्या कापडाला लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"गरम हाय," ती म्हणाली. "श्वास न्हाई ह्याला."

निपाणीकडच्या तिच्या माहेरी बायकांचं एक ठरलेलं होतं. पोटातल्या पोरासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. आधी पोर येऊ दे, त्याचा आवाज घरभर फिरू दे, मग जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड काढायचं आणि बारशाच्या आत वाकळ पुरी करायची. बारशाला पोर पाळण्यात जाईल ते आपल्या घरच्या टाक्यांवर. विठाबाईनं लग्न होऊन बेंगळुरात आल्यावरही हे सोडलं नव्हतं. ज्योतिबा तिच्या वाकळीवर वाढला, शिवलीला वाढली, दिराची, नणंदेची मुलं वाढली, कॉटनपेटच्या चाळीतल्या शेजारणींचीसुद्धा. घरातलं एकही मूल दुसऱ्या कुणाच्या टाक्यावर निजलं नव्हतं. आणि आता सगळ्यात धाकटं आलं, तर हात असा.

सून महानंदा मनानं चांगली, पण कामाच्या रगाड्यात बोलून जायची. "आत्ती, मोबाइलवर मागवू या का एक? हातानं शिवलेलंच असतंय. फुलंबिलं काढलेली."

विठाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. तिचा नवरा पिराजी दाराशी बसून पेपर वाचत होता, त्यानं ते पाहिलं.

पिराजीनं सगळी उमर जे. सी. रोडवर सीटं शिवण्यात घालवली होती. रिक्षाची, टेंपोची, बसची. रेक्झीन ताणायचं, दाभणानं भोक पाडायचं, मेणाचा दोरा ओढायचा. रिक्षा भंगारात गेल्या तरी त्याच्या हातचं सीट शाबूत असायचं, असं मालक गिऱ्हाइकाला सांगायचा. कामावरून निवृत्त झाल्यावरही त्याच्या तर्जनीला दोऱ्याची खाच राहिली होती.

विठाबाई झोपली आहे असं बघून तो माळ्यावर चढला आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं काढलं. तिची दोन लुगडी, त्याचं धोतर, महानंदाच्या सुती साड्या. गच्चीच्या जिन्यात बसून त्यानं पट्टी लावून खडूनं चौकटी आखल्या, सीटवर आखतात तशा, आणि नेहमीच्या सवयीनं मधून सुरुवात केली. दोरा त्याच्याकडं होताच, मेण लावलेला, नायलॉनचा. चार दुपारी त्याचा पत्ता नव्हता. "मामा जिन्यात काय करत्यात कुणास ठाऊक," महानंदा म्हणाली. मग एके दिवशी चहाच्या वेळेला तो खाली आला आणि शिवलेली वस्तू विठाबाईच्या मांडीवर ठेवली.

ती वस्तू ताठ उभी राहिली.

विठाबाईनं ती डाव्या हातानं थोडी ढकलली. ती मागं झुकली आणि परत पहिल्यासारखी झाली.

"हे काय?"

"वाकळ."

"हिच्यावर पोर निजवायचंय, का पाशिंजर बसवायचंय?"

"टाका बघ की गं. एकसारखा हाय का न्हाई? वीस वर्सं हलणार न्हाई."

"न्हाईच हलणार. मुडपणार बी न्हाई. पोराच्या गालाला तुमची एकेक चौकट उमटंल."

शिवलीला आतून बाळाला घेऊन आली होती. ती हसायला लागली आणि बाळंतपणाचे टाके दुखतात म्हणून पोट धरून खुर्चीवर बसली. "अज्जा, ही बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकसाठी ठेवू या. गाडीत मागं."

पिराजीही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. विठाबाईनं तो उतरलेला चेहरा बराच वेळ पाहिला. ही वस्तू कशासाठी शिवली गेली, हे तिला तेव्हा कुठं पोचलं. ती म्हणाली, "उसवा."

तो ब्लेड घेऊन आला. "बिलेड नगं," ती म्हणाली, "कापड मरतंय. द्या हिकडं, आन एक पीन द्या."

सेफ्टीपिन घेऊन ती डाव्या हातानं उसवायला बसली. आयुष्यभर या हाताला कापड धरायचं काम होतं, सुई कधी त्याच्याकडं आलीच नव्हती. पहिल्यांदा पिन नुसतीच घसरायची. मग एक टाका निघाला, मग दुसरा. दुपार उलटून गेली. काढलेल्या दोऱ्यांची गुंतवळ तिच्या मांडीशी साठत गेली, उतरत्या उन्हात ती चकाकत होती. विठाबाईला वाटलं आपण नदीकाठी बसलोय आणि कुणाचं तरी जाळं सोडवतोय. जाळ्यात मासा नाही, नुसतं पाणी अडकलंय, आणि ते एकेका घरातून सोडून द्यायचंय.

दुसऱ्या दिवशी तिनं पिराजीला सुती दोरा आणायला लावला, गुंडीचा. फरशीवर थर पसरायला लावले, खाली लुगडं, मध्ये धोतर, वर साड्यांचे तुकडे. "कडंनं सुरू करायचं," तिनं कॉटवरून सांगितलं. "चारी कडा आदी बांदायच्या, मग आत आत फिरत यायचं, घिरट्या घालत. मदी येऊन थांबायचं."

"सीट मदनं सुरू करत्यात."

"सीट बसायचं असतंय. ही पांगरायची असती."

सुई हातात घेऊन तो जरा थांबला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक सांगतो. बारशाला कुणी इचारलं तर माजी म्हणून सांगायची."

पिराजीनं मान वर केली नाही. "तुजीच की. मी काय, मिशीन."

मिशीनच झाली ती. टाका बारीक, सरळ, एकाला एक लागून. पण टाका घातला की हाताला हिसका द्यायची जन्माची सवय. हिसका दिला की दोरा ताणायचा, दोरा ताणला की कापड चुरगळून गोळा व्हायचं. विठाबाई वरून म्हणायची, "सैल." तो पुढचा टाका सैल घालायचा, आणि त्याच्या पुढचा पुन्हा तसाच. मुद्दाम सैल घालायला गेला की दोऱ्याचे फास वर यायचे, बाळाच्या बोटात अडकतील असे. दोन ओळी त्यानं उसवल्या, तिसऱ्यांदा घातल्या. मग सुई कापडात टोचून ठेवली आणि भिंतीला टेकला.

"माज्या हातातनं ढील निघंना, विठा. चाळीस वर्सं हाच हिसका मारत आलोय. ढील ठेवली असती तर मालकानं हाकलला असता."

बारसं चार दिवसांवर आलं होतं. डोळे मिटून ती पडून राहिली. तिला तिचाच उजवा हात दिसला, पूर्वीचा. तो कुणाच्याही आधाराशिवाय एका मोठ्या वाकळीवरून चालत होता, मुंगी चालावी तसा, जराही घाई न करता, आणि मागं पांढरी पाऊलवाट सोडत होता. त्या वाटेनं तिचे वडील तंबाखूच्या शेतातून येत होते. ओळी सरळ नव्हत्या. वडिलांच्या शेतातल्याही नव्हत्या. जमीन जशी उतरेल तशी ओळ वळायची.

दारावर बेल वाजली. तोवर पिराजीनं परत ओळ धरली होती, ती अर्धी टाकून, दोऱ्यातून सुई काढून तो उठला. गॅसचा सिलिंडर आला होता, आणणाऱ्याशी त्याच्या कानडीत वाटाघाटी सुरू झाल्या, रिकामा कुठं आहे, पावती कुठं आहे. विठाबाई डोळे उघडून खाली बघत होती. त्या अर्ध्या ओळीचं शेपूट गाठ न मारता मोकळं पडलं होतं, वीतभर दोरा फरशीवर.

ती कॉटवरून खाली सरकली. एरवी महानंदाला हाक मारल्याशिवाय ती उतरायची नाही. वाकळीजवळ बसली, पण एका हातानं कापड सरकायला लागलं. तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि कापडाच्या कडेवर ठेवला, वरवंटा ठेवतात तसा. तो राहिला. कापड थांबलं. मग तिनं डावा तळवा गाठीकडून दोऱ्याच्या शेपटाकडं फिरवला. चुरगळलेली चादर बाई सवयीनं सारखी करते तसा, काही मनात न आणता. कापड पसरलं. फरशीवरचं शेपूट बोटभर आत गेलं.

तिनं पुन्हा हात फिरवला. शेपूट आणखी आत गेलं. टाके तेच, बारीक, सरळ, पण त्यांच्या खाली कापड आता निवांत पडलं होतं. पोट भरलेल्या पोरासारखं.

पिराजी परत आला तेव्हा ती फरशीवर बसलेली बघून घाबरला. "पडलीस का?"

"गाठ मारू नगा," ती म्हणाली.

"काय?"

"ओळ झाली की वीतभर दोरा सोडायचा. गाठ न्हाई मारायची. तुमाला पायजे तेवढा हिसका मारा. गाठ मी सांगितल्यावर."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं हात फिरवून दाखवला. दोरा आत जाताना त्यानं पाहिला, मग बोटानं कापड दाबून पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "हे मालकाला दाखवलं असतं," तो म्हणाला, "तर त्यानं दोघांना बी हाकललं असतं."

तिथून पुढं काम लागलं. पिराजी ओळ घालायचा, जुन्या ताकदीनं, कुणी सैल म्हणायला नाही म्हणून खुशीत. त्याच्या मागोमाग विठाबाईचा तळवा. तिचा उजवा हात कडेवर ठेवलेला असायचा, आणि ओळ पुढं सरकली की पिराजीच तो उचलून पुढच्या जागी ठेवायचा, न बोलता, खडू किंवा कात्री सरकवावी तसा. विठाबाईला ते आवडलं. बाकी सगळे त्या हाताला जपून हात लावायचे.

शिवलीला बाळाला पाजायला तिथंच येऊन बसायची. "आमच्या ऑफिसात पण असं असतं आज्जी. एकानं प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून बघायचं."

"मग बघणाऱ्याला पगार देत्यात?"

"सेम पगार."

"ऐका," विठाबाई पिराजीला म्हणाली. तो सुईला दोरा ओवत होता, ओठांत दोरा धरून नुसता घुमला.

दुपार जड व्हायची. बाळ चुटूचुटू प्यायचं आणि मध्येच थांबायचं, मग घरात फक्त सुई कापडातून निघाल्याचा आवाज. विमानाची सावली यायची, वाकळीवरून जायची, आणि विठाबाईचा हात तिच्या मागून जायचा. कधी हात कापडावर आहे की शेतातल्या ओल्या मातीवर, तिला कळायचं नाही. कधी वाटायचं आपण वाकळीच्या आत बसलोय, आणि बाहेरून कुणीतरी मोठ्या तळव्यानं आपल्या पाठीवरून हात फिरवतंय, आपल्यातला ताण एका टोकाकडं सारतंय. ओळी आत आत येत होत्या. मोकळं कापड कमी कमी होत परातीएवढं राहिलं, मग ताटलीएवढं, मग वाटीएवढं.

तेवढं उरल्यावर तिनं महानंदाला चार दाणे जोंधळे आणायला सांगितलं. वाकळीचं पोट रिकामं बंद करायचं नाही, हीही माहेरचीच रीत.

"आत्ती, मुंग्या लागतील हो," महानंदा म्हणाली. "बाळाचं अंथरूण ते."

"चार दाण्यांना कुठल्या मुंग्या? लागल्या तर लागू देत. त्यास्नी बी कळू दे घरात पोर आलंय."

महानंदानं दाणे आणले, पण आधी तव्यावर खडखडीत भाजून. विठाबाईनं एक दाणा तोंडात टाकून पाहिला, मान हलवली आणि बाकीचे आत सरकवले. शेवटची ओळ पिराजीनं घातली, तिनं हात फिरवला, आणि मग म्हणाली, "हं, आता मारा गाठ."

बारशाला शिवलीलाच्या सासूबाई, सुशीलाबाई, सगळ्यांना घेऊन आल्या. त्यांचं घराणं बेंगळुरातलंच, कित्येक पिढ्यांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान. मराठी घरात बोलायच्या, पण तिच्यात अर्धी कानडी विरघळलेली. त्यांनी सोन्याच्या बिंदल्या आणल्या, पाळण्याला लावायला मोत्यांचा तोरणपट्टा आणला, बाळाच्या कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या. तेव्हा सुशीलाबाईंचं लक्ष बाळाच्या खाली गेलं.

"स्वल्प दाखवा हां ती," त्या म्हणाल्या. महानंदानं बाळ उचललं. सुशीलाबाईंनी वाकळ हातात घेतली आणि समोरची बाजू न बघता उलटी केली. कापडाच्या दुकानातली बाई, पाठ आधी बघणारच. अंगठा आणि बोट यांच्यात धरून त्यांनी ती चोळली, कानाजवळ नेली. विठाबाई खुर्चीत बसून होती.

"कुणी केली?"

"हिनं," पिराजी लगेच म्हणाला. ठरल्याप्रमाणं. मागच्या बायकांतून कौतुकाचा आवाज आला. कुणी म्हणालं, बघा, असल्या हातानं. महानंदानं सासूकडं एकदा बघितलं आणि हातातल्या बाळाचं झबलं सारखं करायला घेतलं. विठाबाईला हेच हवं होतं. पहिल्या दिवसापासून, बोट त्या गुलाबी कापडाला लावल्यापासून हेच. घरातलं धाकटं मूल तिच्या टाक्यावर. सगळ्यांच्या तोंडावर ते मान्य झालेलं दिसत होतं.

सुशीलाबाई मात्र अजून वाकळ बघत होत्या. "गंमत आहे अक्का. टाका असा, की दोरी बांधल्यासारखा. आणि कापड बघा, लोणी. माझी आई म्हणायची, घट्ट हाताची बाई मऊ शिवत नाही. हे एका हाताचं काम दिसत नाही मला."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्या खरंच विचारात पडल्या होत्या. पिराजी खाली बघून बोटाची खाच चोळत होता. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, त्यानं परत तेच सांगितलं असतं, आणि जन्मभर सांगत राहिला असता. विठाबाईला ते नक्की माहीत होतं. त्या नक्की असण्यानंच ती खुर्चीत पुढं सरकली.

"एका हाताचं न्हाईच," ती म्हणाली. जीभ जरा जड झाली होती, म्हणून तिनं शब्द एकेक करून ठेवले. "टाके ह्यांचे हायत. सगळे. मी ढील दिली."

बायकांना पहिल्यांदा कळलं नाही. "म्हणजे टाका एकही तुमचा नाही?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"एक बी न्हाई."

"अगं, कशाला..." पिराजी पुटपुटला.

सुशीलाबाईंनी तळव्यानं वाकळ एकदा चाचपली, गाठीकडून टोकाकडं, अगदी विठाबाई फिरवायची तसा हात फिरला त्यांचा. मग त्या पिराजीकडं वळल्या. "सरी, बरं. पण अण्णा, तुम्ही शिवता हे ठाऊक नव्हतं आम्हाला. कुठं शिकलात?"

"रिक्षात," पिराजी म्हणाला, आणि शिवलीला पहिल्यांदा हसली, मग सगळ्याच. त्या हसण्यात वाकळ परत पाळण्यात गेली आणि बाळ तिच्यावर. आणि बाळानं, इतका वेळ आवरून धरल्यासारखं, ती ओली केली.

"घ्या," महानंदा म्हणाली, "झाली वाकळ तिची."

संध्याकाळच्या आत पाहुणे गेले. वाकळ धुऊन गच्चीत वाळत टाकली होती. विठाबाईनं हट्ट धरला म्हणून पिराजीनं तिला धरून एकेक पायरी वर नेलं. झटका आल्यापासून ती गच्चीत आली नव्हती. द्राक्षांच्या मांडवापलीकडं ऊन लांब झालं होतं. दोरीवर वाकळ पाण्यानं जड होऊन लोंबत होती, आणि मागून उन्हाचा उजेड येत असल्यामुळं तिच्यातले थर एकमेकांत मिसळून गेले होते, लुगडं कुठलं, धोतर कुठलं, काही वेगळं दिसत नव्हतं. फक्त ओळी दिसत होत्या. पिराजीनं त्या पट्टी लावल्यासारख्या सरळ घातल्या होत्या, आता त्या जराशा वळल्या होत्या. जमीन उतरेल तशा.

"पाण्यानं आवळली असंल गं," पिराजी म्हणाला. त्यानं कोपरा मुठीत धरला. "ढील गेली का काय?"

"वाळू द्या की आदी."

तो कठड्याला टेकून उभा राहिला, तिला धरून. खालून बाळाचा आवाज आला, मग थांबला. वारं आलं तशी वाकळ थोडी फुगली, आत कुणी कूस बदलावी तशी, आणि पुन्हा सपाट झाली. दोघं ती वाळायची वाट बघत उभी होती.